दुरून दिसणारा धूर

ज्या गावात आपण राहत नाही, त्या गावाच्या शांततेविषयी मत देण्याचा आपल्याला अधिकार आहे काय? असल्यास किती? आणि ज्या देशात आपण राहतो, कमावतो, पण ज्याला आपला म्हणत नाही, तेथे काही पेटले तर नुसते बघत राहावे काय? हे प्रश्न कुणाला पुस्तकी वाटतील. रत्नागिरी-रायगडच्या मुस्लिम वस्त्यांत ज्यांचे बालपण गेले त्यांना ते तसे वाटणार नाहीत. येथे घरटी एक माणूस बाहेर असतो. पूर्वी तो खलाशी म्हणून जहाजावर चढला, कुणी केप टाउनला जाऊन दुकान टाकले, कुणी ब्रिटन गाठले, आणि १९७३ नंतर तेलाचे भाव वाढले तसे आखाताचे दार उघडले. त्याच्या पैशाने घराला स्लॅब पडतो, बहिणींची लग्ने होतात, मशिदीचा मिनार उभा राहतो. पैशाबरोबर त्याचे मतही घरात येते. दिनाराला, रियालला रोजचा भाव असतो. मताचा भाव कसा काढायचा, हे मात्र आपल्या समाजाने कधी ठरवलेले नाही.

६ डिसेंबर १९९२ नंतरचे दिवस आठवून पाहावेत. तेव्हा घरोघरी फोन नव्हते. आयएसडी बूथवरून तीन मिनिटांचे बोलणे होई, त्यातले एक मिनिट रडण्यात जाई. गावाकडून येणाऱ्या कुणाच्या तरी हाती आवाज भरलेली कॅसेट यायची, तीही दोन-तीन आठवडे जुनी. कुवेत, रियाध, दुबईच्या खोल्यांतून रात्री बीबीसीची उर्दू सेवा लागायची आणि आठ-दहा माणसे एका रेडिओभोवती बसायची. मुंबईचे नाव आले की कुणी जेवत नसे. त्या काळी तिकडे असलेल्या कितीतरी मंडळींकडून आम्ही हे ऐकले आहे, आणि प्रत्येकाच्या सांगण्यात एक गोष्ट सारखी असते : आम्हाला वाटले, आता काही उरले नाही.

जो दंगलीच्या आत असतो त्याला दंगलीचा आकार ठाऊक असतो. कोणती गल्ली बंद, कोणती चालू. संचारबंदी किती वाजता सैल होणार. दूध कोणत्या नाक्यावर मिळते. कोणत्या हवालदाराला सलाम केलेला बरा आणि कोणाच्या नजरेस पडू नये. डोंगरीतल्या माणसाला डोंगरी ठाऊक, बेहरामपाड्यातल्याला बेहरामपाडा. भीती असते, पण ती मोजून-मापून घेता येते. बाहेर असलेल्याला हा आकार दिसत नाही. त्याच्या लेखी मुंबई म्हणजे एकच घर आणि ते सबंध जळते आहे. दुरून डोंगर साजरे म्हणतात. धुराचे उलटे आहे, दुरून तो आभाळभर दिसतो.

त्याची भीती खोटी होती असे कोणी म्हणू नये. श्रीकृष्ण आयोगाने डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मिळून ९०० मृत्यू नोंदवले. त्यांत ५७५ मुसलमान आणि २७५ हिंदू होते. इतकी माणसे एका शहरात मारली जात असताना परदेशातल्या भावाने जेवू नये हे माणुसकीलाच धरून आहे. आम्हाला सांगायचे आहे ते पुढचे. आत असलेल्या माणसाची दंगल हळूहळू बदलत जाते. पंधरा दिवसांनी, महिन्याने त्याला दुकान उघडावेच लागते. समोरच्या कोळणीकडून मासळी घ्यावी लागते, मुलाला शाळेत पाठवावे लागते, आणि ज्या शेजाऱ्याने दार लावून घेतले होते त्याच्याशी नळावर बोलावे लागते. हे बोलणे सुखाचे नसते. पण त्यातून राग थोडा झिजतो, थोडा नेमका होतो. अमका हवालदार, तमका नेता, ती एक टोळी, असे त्याला चेहरे येतात. परदेशातल्याला नळ नाही, कोळीण नाही. त्याने कॅसेटवर जी दंगल ऐकली ती तशीच्या तशी खिशात राहते. दहा वर्षांनी तो सुट्टीवर येतो तेव्हा गावातली माणसे पुढे गेलेली असतात आणि हा १९९३ च्या जानेवारीतच उभा असतो. त्याला वाटते, हे लोक लाचार झाले. गावातल्यांना वाटते, हा भांडण घेऊन आला.

दोघांत कोण बरोबर? घाईने गावाची बाजू घेऊ नये. रोजच्या व्यवहाराच्या नावाखाली सगळेच विसरून जाण्याचा सल्लाही स्वस्त असतो, आणि तो देणारे बहुधा ज्यांचे काही गेले नाही असे असतात. त्या दंगलीतल्या बेपत्ता माणसांच्या वारसांचा शोध घ्या आणि त्यांना भरपाई द्या, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाला नोव्हेंबर २०२२ मध्ये, म्हणजे तीस वर्षांनी, द्यावा लागला. ज्या घरातला माणूस परत आलाच नाही, त्या घराला ‘पुढे चला’ म्हणण्याचा हक्क ना दुबईला, ना मोहल्ल्याला. ज्याचे जळते त्याला कळते, ही म्हण आपण वापरून गुळगुळीत केली आहे. तरी तिच्यात एक कसोटी आहे. मत कोणाचे, हे विचारण्याआधी जळले कोणाचे, हे विचारावे.

ही कसोटी फक्त परदेशस्थांना लावून चालणार नाही. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेत गिळले. तेथे भारतीयांची मोठी वस्ती होती आणि तीत कोकणातली माणसे होती. बँका बंद झाल्या, कुवेती दिनाराचा कागद झाला, वीस-वीस वर्षांची बचत एका आठवड्यात गेली. वाळवंटातून बसने, मिळेल त्या वाहनाने लोक जॉर्डनला पोहोचले. अम्मानहून एअर इंडियाच्या विमानांनी एक लाखाहून अधिक माणसे परत आणली. मुंबईच्या विमानतळावर उतरलेल्या कित्येकांच्या हातात एक पिशवी होती, एवढीच. त्याच सुमारास आपल्याकडील अनेक मोहल्ल्यांत सद्दाम हुसेनच्या तसबिरी लागल्या होत्या. अमेरिकेला आव्हान देणारा कुणी तरी निघाला, याचा आनंद होता. तो समजण्यासारखा होता, कारण अमेरिकेचे वागणे काही साधूचे नव्हते. परंतु ज्याच्या रणगाड्यांनी आपल्याच गल्लीतल्या माणसाला भिकेला लावले त्याची तसबीर त्या गल्लीत लागावी, हे आम्हाला तेव्हाही विचित्र वाटले होते. कुवेतहून आलेला माणूस त्या तसबिरीखालून मान खाली घालून घरी जात असे. त्याला कोणी विचारले नाही, तुझे मत काय? दुरून दिसणारा धूर तेव्हा आपण गावात बसून बघत होतो.

आता आखाताकडे वळू, कारण आपल्या परदेशस्थांच्या मनातली शांततेची कल्पना तेथेच घडते. सुट्टीवर आलेला माणूस पहिल्या दोन दिवसांत एक वाक्य हमखास बोलतो : तिकडे अशी भानगड नाही, कायदा म्हणजे कायदा. सोन्याचे दुकान उघडे टाकून मालक नमाजला जातो, रात्री दोनला बाई एकटी रस्त्यावरून जाते, मोर्चा नाही, बंद नाही, दगडफेक नाही. यात खरे बरेच आहे. पोटापाण्यासाठी गेलेल्या माणसाला रात्री निर्धास्त झोप लागावी, ही लहान गोष्ट नव्हे. पण त्या शांततेत काय काय ऐकू येत नाही, हेही बघितले पाहिजे. सौदी अरेबियात किंवा अमिरातीत कामगारांना संघटना काढता येत नाही, संप करता येत नाही. मार्च २००६ मध्ये, आज जिला बुर्ज खलिफा म्हणतात त्या इमारतीच्या बांधकामावरचे कामगार भडकले, त्यांनी गाड्या आणि कार्यालये फोडली. ते काही गुंड नव्हते. दिवसभर सळ्या बांधणारी, आपल्याच उपखंडातली माणसे होती, आणि गाऱ्हाणे मजुरीचे आणि वागणुकीचे होते. २०१६ मध्ये सौदीत हजारो भारतीय कामगार महिनोन्‌महिने पगाराविना अडकले, छावणीत जेवणाचे वांधे झाले आणि परराष्ट्र राज्यमंत्री व्ही. के. सिंह यांना जेद्दाला जावे लागले. २०११ च्या फेब्रुवारीत बहरीनच्या मोती चौकात हजारो लोक बसले. मार्चमध्ये लष्कर आणि पोलिसांनी चौक रिकामा केला, आणि त्या चौकातला मोत्याचा मनोराच पाडून टाकला.

या प्रसंगी आपली मंडळी काय म्हणत होती? ‘आपल्याला काय करायचे? पोट भरायला आलो आहोत. त्यांचा देश, ते बघतील.’ या सावधपणाला आम्ही नावे ठेवणार नाही. ज्याचा इकामा कफीलच्या हातात आहे, ज्याच्या एका चुकीवर गावातली सहा तोंडे उपाशी राहतील, त्याने क्रांती करावी असे आरामखुर्चीत बसून सांगणे हीदेखील एक प्रकारची निर्लज्जताच. प्रश्न वेगळा आहे. तोच माणूस रात्री खोलीवर जाऊन गावाकडे फोन लावतो आणि म्हणतो, ‘तुम्ही लोक घाबरट आहात, कुणी उभे राहत नाही, शांतता समितीत जाऊन चहा पिता.’ स्वतःच्या बाबतीत जी सावधगिरी शहाणपण ठरते तीच गावातल्या भावाच्या बाबतीत बुजदिली कशी होते? घेताना माप भरून घ्यायचे आणि देताना कमी द्यायचे, अशा माणसांबद्दल सूरे मुतफ्फिफीनमध्ये काय म्हटले आहे ते आपल्याला ठाऊक आहे. ते फक्त धान्याच्या व्यापाऱ्याला लागू आहे, असे समजण्याचे कारण नाही. हिंमतीलाही माप असते.

आणि हिंमतीची किंमत कोण देतो, हेही पाहावे. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात काही पोरांच्या मोबाइलवरल्या स्टेटसवरून जमाव रस्त्यावर आला, दुकाने फुटली. अशा वेळी परदेशातून आलेले एखादे चित्र, एखादी तडफदार ओळ गावातला एकोणीस वर्षांचा मुलगा आपल्या नावाने लावतो. पाठवणारा शारजात सुखरूप असतो. गुन्हा दाखल होतो तो मुलावर. मग जामीन, तारखा, वकिलाची फी. फौजदारी खटला चालू असेल तर कोर्टाच्या परवानगीशिवाय पासपोर्ट मिळणे अवघड. म्हणजे ज्या वाटेने काका गेला ती पुतण्याला बंद. काकाला हे कळते तेव्हा तो वकिलासाठी पैसे पाठवतो. पैसे पाठवणे त्याला येते.

एक गोष्ट मात्र आपल्या सभांतून, मुशायऱ्यांतून, लेखांतून कोणी बोलत नाही, म्हणून येथे लिहून ठेवतो. एप्रिल २०२० मध्ये, निजामुद्दीनच्या मर्कजचे निमित्त करून देशभर मुसलमानांना कोरोनाचे वाहक ठरवण्याची लाट आली. तेव्हा अमिरातीत काम करणाऱ्या काही भारतीयांनी मुसलमानांविरुद्ध घाणेरडे मजकूर लिहिले आणि त्यांच्या नोकऱ्या गेल्या. भारताच्या राजदूतांनाही भेदभाव हा आपल्या नीतीला धरून नाही, असे जाहीरपणे सांगावे लागले. आपल्याकडे कित्येकांना आनंद झाला. येथे ज्यांना कोणी अडवत नव्हते त्यांना कुणीतरी अडवले, याचा तो दिलासा होता. येथे भाजीवाल्याला आधार कार्ड दाखवून गल्लीत शिरावे लागत होते. अशा वेळी असा दिलासा कुणालाही वाटेल. द्वेषाच्या मजकुराविरुद्ध अमिरातीत २०१५ पासून कायदा आहे आणि असा कायदा असावा, असेच आमचे मत आहे. पण त्या आनंदात एक काटा होता. सुनावणी नाही, अपील नाही, मालकाने दुपारी सांगितले आणि रात्री माणूस बेकार. हे दार कोणासाठीही असेच बंद होते. उद्या आपल्या एखाद्या पोराने पॅलेस्टाइनबद्दल, येमेनबद्दल किंवा नुसते थकलेल्या पगाराबद्दल चार ओळी लिहिल्या तर त्याच्यासाठीही ते तितक्याच मुकाट्याने बंद होईल. आज शत्रूच्या तोंडावर आपटले म्हणून त्या दाराला न्याय म्हणायचे काय? आमच्या एका मित्राचे म्हणणे असे, की दुबळ्याला निवड नसते, मिळेल तो आसरा घ्यावा. त्यांचे दुःख आम्हाला कळते. तरीही न्याय आणि मेहेरबानी यांतला फरक जो समाज विसरतो, त्याला पुढे मागताही काय येणार?

उर्दूत दंगलीला फसाद म्हणतात. फसाद म्हणजे मुळात बिघाड, नासणे. मराठीतली दंगल तर कुस्तीच्या फडातून आली. अमन हा शब्द अमानतीच्या कुळातला. हे शब्द आठवण्याचे कारण असे, की आपण आवाजाला अशांतता समजतो आणि गप्प बसण्याला अमन. मोर्चा निघाला की परदेशातून फोन येतो, ‘तिकडे गडबड आहे म्हणे?’ अरे, मोर्चा म्हणजे गडबड नव्हे. डिसेंबर २०१९ ते मार्च २०२० शाहीन बागेत बाया रस्त्यावर बसल्या, त्यात बिघाड कोणता होता? जेथे माणसाला गाऱ्हाणे सांगता येते तेथे थोडा आवाज होणारच. आवाज नाही म्हणून तेथे बिघाड नाही, असे धरून चालता येत नाही.

केप टाउनच्या कोकणी मुसलमानांची हकीकत यासाठी वाचण्यासारखी आहे. आपल्याच गावांतून गेलेली ही माणसे. तेथे त्यांना कफील नव्हता, परतीचे तिकीटही नव्हते. पिढ्या तेथेच वाढल्या. १९५० च्या ग्रुप एरियाज कायद्याने कोणत्या वंशाने कोठे राहावे हे सरकार ठरवू लागले. ११ फेब्रुवारी १९६६ रोजी डिस्ट्रिक्ट सिक्स हा भाग गोऱ्यांचा म्हणून जाहीर झाला आणि पुढे साठ हजारांहून अधिक माणसांना तेथून उठवले गेले. ‘हिंदी’ ठरवलेल्यांसाठी रायलँड्ससारखी वस्ती नेमून दिली गेली. तोवर पुष्कळांना वाटत होते, आपण व्यापारी माणसे, हे काळ्या-गोऱ्यांचे भांडण आहे. त्याच शहरात इमाम अब्दुल्ला हारून काळ्या वस्त्यांत जात होते, छळ झालेल्यांच्या घरी मदत पोहोचवत होते. १९६९ मध्ये त्यांना पकडले. १२३ दिवसांनी, २७ सप्टेंबरला, कोठडीत त्यांचा मृत्यू झाला. जिन्यावरून पडले, असे पोलिसांनी सांगितले. ते छळाने मेले, असे न्यायालयाने नोंदवले ते ऑक्टोबर २०२३ मध्ये. पाहुणा म्हणून गप्प राहणाऱ्यांनाही घरातून उठवले गेलेच. किती पिढ्यांनंतर पाहुणेपण संपते, याचे उत्तर आखातातल्या माणसाला कायदाच देतो : कधीच नाही. ब्रिटनमधल्या किंवा आफ्रिकेतल्या माणसाला ते स्वतः द्यावे लागते.

ब्रिटनमधल्यांनी ते दिले आहे काय? २८ ऑगस्ट २०२२ रोजी भारत-पाकिस्तान क्रिकेट सामना झाला. तो झाला दुबईत, आणि दुबईत काही घडले नाही. घडले लेस्टरमध्ये. सप्टेंबरभर तेथे हिंदू आणि मुसलमान तरुणांचे जमाव समोरासमोर येत राहिले. एका मुस्लिम मुलीला पळवण्याचा प्रयत्न झाला, अशी बातमी फिरली. पोलिसांनी तपास करून असे काही घडलेच नाही, हे जाहीर केले. तोवर ती जगभर गेली होती. ज्या पोरांनी गुजरात किंवा मुंबई धड पाहिलेली नाही ती तेथल्या जखमांसाठी लेस्टरच्या रस्त्यावर उतरली. खिशातली दंगल वारशाने जाते, ती ही अशी.

मग २०२४. २९ जुलैला साउथपोर्टमध्ये तीन लहान मुलींची हत्या झाली. मारणारा मुसलमान निर्वासित आहे, अशी थाप पसरली; तो वेल्समधल्या कार्डिफमध्ये जन्मलेला निघाला. दुसऱ्या दिवशी मशिदीवर हल्ला झाला आणि आठवडाभर इंग्लंडची अनेक शहरे पेटली. या वेळी फोन उलट्या दिशेने लागले. चिपळूण-महाडहून म्हाताऱ्या आया विचारत होत्या, ‘बाळा, बाहेर पडू नको, इकडे ये.’ लिव्हरपूलच्या एका मशिदीचे इमाम मात्र निदर्शकांसमोर खाण्याचे पदार्थ घेऊन गेले आणि त्यांच्याशी बोलत उभे राहिले. त्यांना आपली गल्ली ठाऊक होती. मोबाइलच्या पडद्यावर आग बघणाऱ्या आईला ती ठाऊक असणे शक्य नव्हते.

या सगळ्यांत आमच्या मनात घर करून राहिलेला माणूस म्हणजे बर्मिंगहॅमचे तारिक जहान. ऑगस्ट २०११ च्या दंगलीत विन्सन ग्रीन भागात दुकानांची राखण करणाऱ्या तीन तरुणांना मोटारीने उडवले. त्यांतला एक जहान यांचा मुलगा. मारेकरी काळे असल्याचे बोलले जात होते. आशियाई आणि काळे यांच्यात रक्तपात होणार असे सगळे धरून चालले होते. मुलाच्या मृत्यूनंतर काही तासांत हा बाप रस्त्यावर उभा राहिला आणि जमलेल्या तरुणांना म्हणाला, ज्याला आपला मुलगा गमवायचा असेल त्याने पुढे यावे, नाहीतर शांत व्हा, घरी जा. मुले घरी गेली. पुढे २०१२ मध्ये खटल्यातले आठही आरोपी सुटले. त्यांच्या सब्राचे त्यांना काय मिळाले, असे कोणी विचारील. आमच्याजवळ उत्तर नाही. एवढे मात्र खरे, की त्या रात्री त्या रस्त्यावर ‘शांत राहा’ म्हणण्याचा अधिकार त्या एका माणसाला होता, आणि ‘बदला घ्या’ म्हणण्याचाही त्यालाच होता. लंडनला, लाहोरला किंवा मुंबईला नव्हता.

म्हणून परदेशस्थांनी तोंडच उघडू नये काय? तसे नाही. कधी कधी गावातला माणूस बोलू शकत नाही, ठाण्यात त्याचे नाव असते, दुकान चौकात असते. अशा वेळी दुरून बोललेले शब्द कामी येतात. दंगलग्रस्तांसाठी वकील, औषधे, मुलांच्या फिया यांना परदेशातला पैसा किती पोहोचला आहे, हे ज्यांनी मदतीची कामे पाहिली त्यांना माहीत आहे. फक्त बोलण्याआधी एक प्रश्न विचारावा, आणि तो घरच्यांना विचारावा : मी हे बोललो तर तुम्हाला काय सोसावे लागेल?

सध्या कोकणातल्या बहुतेक गावांच्या जमातीचा व्हॉट्सॲपवर एक गट असतो. त्यात मय्यताची खबर येते, चंद्र दिसल्याचे कळते, आणि कोठे काही घडले की रात्रभर मजकूर येत राहतो. तणावाच्या दिवसांत गट बंद करून फक्त चालकालाच लिहिता येईल, अशी सोय आहे. मग ही किल्ली कोणाकडे असावी, यावर वाद होतात. आमचे मत असे, की ती गावात राहणाऱ्याकडे असावी. सकाळी ठाण्यात ज्याला बोलावतील त्याच्याकडे. दोहा-दमामच्या मंडळींना हे मान्य नाही. मशीद आमच्या पैशाने बांधली, असे ते म्हणतात, आणि तेही खोटे नाही.